आई-बाबांच्या घराला कॅमेरा: प्लगचा, बॅटरीचा की सिमचा?

आई-बाबा साताऱ्यात आणि आपण पुण्यात, अशी अनेक घरं आहेत. भिंती फोडून वायरी ओढायच्या नाहीत म्हणून दुकानात 'वायरलेस कॅमेरा द्या' म्हणावं, तर समोर तीन वेगळ्या वस्तू येतात आणि तिन्ही खोक्यांवर तोच शब्द. चित्र वायरीशिवाय जातं, इतकाच त्याचा अर्थ. कॅमेऱ्याला वीज आणि इंटरनेट कुठून मिळणार हे आपल्यालाच ठरवायचं असतं, आणि निवड त्यावरच करावी.

घरात माणसं राहत असतील आणि दाराजवळ पॉइंट असेल तर प्लगचा वायफाय कॅमेरा घ्या. तिघांत सहसा हाच स्वस्त आणि दिवसरात्र अखंड रेकॉर्डिंग करतो. १०८०पी (फुल एचडी) चित्राला दिवसाला साधारण १५ जीबी धरा. कॅमेऱ्यातल्या १२८ जीबीच्या मेमरी कार्डात आठवडाभराचं मावतं, मग जुनं पुसून नवं चढतं. विजेचा खर्च महिन्याला ३-४ युनिट. दुखणं एकच, लाइट गेली की हाही गेला. इन्व्हर्टर असेल तर कॅमेरा आणि राउटर दोन्ही त्याच्याच लाइनवर हवेत. आमचा कॅमेरा होता, राउटर राहिला होता. कार्डावर सगळं साठत होतं, पण इकडे पुण्यात माझ्या फोनवर काहीच दिसेना, आणि बाबा फोन उचलेपर्यंत जीव टांगणीला. राउटरला छोटा यूपीएस लावल्यावर तो घोर मिटला.

फाटकापाशी पॉइंट नव्हता, म्हणून तिथे बॅटरीचा लावला. हा सतत जागा नसतो. समोर माणसाच्या अंगाची ऊब हलली की सेन्सर त्याला उठवतो आणि त्यात एखाद-दोन सेकंद जातात. पहिला आठवडाभर रोज पहाटे तेच चित्र: दूधवाल्याची पाठ आणि फाटकाला हेलकावे खाणारी पिशवी. चेहरा एकदाही नाही. कारण नंतर कळलं. या सेन्सरला आडवा जाणारा माणूस चटकन कळतो, सरळ अंगावर चालत येणारा उशिरा. कॅमेरा थोडा वळवून वाट आडवी येईल असा बसवला, आणि दुसऱ्याच दिवशी दूधवाल्याचा चेहरा स्वच्छ दिसला.

बॅटरीला सोलर पॅनल जोडता येतं. पण साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये अजिंक्यतारा दिवसदिवस ढगात असतो, तेव्हा पॅनलच्या भरवशावर राहू नका. कॅमेरा उतरवून घरात चार्ज करावा लागेल. तो उतरवणार कोण? सत्तरीतल्या बाबांना शिडीवर चढावं लागत असेल तर हा पर्याय तिथेच सोडा. सांगली-मिरजेकडे पाऊस कमी, तिथे दक्षिणेकडे तोंड केलेलं पॅनल बरंच निभावून नेतं.

सिमचा, म्हणजे सिमकार्ड घालून मोबाइल डेटावर चालणारा कॅमेरा घराला बहुधा लागत नाही. तासगावकडची द्राक्षबाग, मळ्यातली पंपाची खोली, जिथे वायफायच नाही, तिथे तो हवा. थेट चित्र तासभर पाहिलं तर अर्धा ते एक जीबी डेटा जातो. शिवाय त्या जागी कोणत्या कंपनीची रेंज आहे ते आधी मळ्यात उभं राहून पाहा.

पेठेतल्या जुन्या घरांना आणखी एक अडचण: दगड-मातीच्या दोन-दोन फुटी भिंती. स्वस्त कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि भिंतीतून तेच वायफाय त्यातल्या त्यात बरं जातं. तरी दोन भिंती मध्ये आल्या की चित्र अडखळतं. राउटर ओसरीकडे सरकवून आमचं काम भागलं.

घेताना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह पाहा. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी बंधनकारक आहे. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. कॅमेरा शेजाऱ्यांच्या दाराकडे रोखलेला नको. आणि घरातल्यांना विचारा. आई म्हणाली, 'स्वयंपाकघरात नको गं, मला अवघडल्यासारखं होतं.' तिथे लावला नाही.

भिंतीला भोक पाडण्याआधी फोन २.४च्या वायफायला जोडून नेमक्या त्याच जागी धरा, दार लावून घ्या आणि एखादा व्हिडिओ लावा. तो अडकला तर कॅमेराही तिथे अडकेल.