एंड ग्रेन बोर्ड लेव्हल करायला दिला आणि पार वाट लागली

हौसेखातर सुतारकाम करणाऱ्यांनी हे वाचा, माझे पैसे गेले ते गेले, तुमचे तरी वाचतील.

आजोळचा वाडा पाडला तेव्हा सागाच्या तुळईचे काही तुकडे मी उचलून आणलेले, त्याचा एंड ग्रेन चॉपिंग बोर्ड केला. म्हणजे लाकडाच्या रेषा उभ्या ठेवून चौकोनी ठोकळे बुद्धिबळाच्या पटासारखे चिकटवायचे, सुरी रेषांच्या मधे शिरते म्हणून धार टिकते. पण क्लॅम्प आवळताना ठोकळे सरकले आणि वर दोन-तीन मिमीचा उंचसखलपणा आला. 60 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून हात मोडले, एंड ग्रेन घासणं म्हणजे फरशी घासण्यासारखंच आहे, त्यात साग.

शेवटी वखारीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये दिला. स्पष्ट सांगितलं होतं, भाऊ, थिकनेस मशीनमध्ये घालू नका, राउटरनेच करा. कारण थिकनेस मशीन म्हणजे लाकूड आत ओढून रंधणारं यंत्र, त्याचं ब्लेड उभ्या रेषांवर आपटलं की बाहेर पडतानाच्या काठाचे टवके उडतात, नशीब वाईट असलं तर अख्खा बोर्डच फुटून अंगावर येतो. राउटर म्हणजे फिरत्या पात्याचं हातातलं मशीन, ते दोन रुळांवर सरकवत एकेक मिमी उतरवायचं, वेळ लागतो पण सपाट होतं. तो म्हणाला, "साहेब रोजचं काम आहे आपलं, बिनधास्त जा." 1800 ठरले, 1000 ॲडव्हान्स.

चार दिवसांनी बोर्ड मिळाला तो आरशासारखा चमकत होता. बायको पण खूश. आणि मी येडा, नीट न बघता उरलेले 800 तिथल्या तिथे जीपे केले.

तिसऱ्या दिवशी कोथिंबीर चिरताना सुरीला प्लॅस्टिकसारखा पापुद्रा लागला. कपाटाला मारतात ते मेलामाईन पॉलिश मारलेलं हो, खायच्या वस्तूला! मग डोक्यात किडा वळवळला आणि टॉर्च आडवा धरून बघितलं. राउटरच्या खुणा गोल गोल असतात, इथे तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या अंतरावर सरळ लाटा, पन्हाळी पत्र्यासारख्या, म्हणजे थिकनेस मशीनच. शेवटच्या ओळीचे ठोकळे बाकीच्यांच्या निम्मेच उरलेले, काठ फुटला म्हणून गुपचूप कापून टाकलेला. तरी राहिलेल्या खड्ड्यांत भुसा आणि फेविकॉल कालवून लांबी (पुट्टी) भरलेली, ती नखाने निघाली. जाडी 40 मिमीची 31.

फोन केला तर म्हणे "तुमचं लाकूडच कच्चं होतं". आख्ख्या वाड्याचं छप्पर पेललेलं लाकूड कच्चं! पैसे अर्थात नाहीच मिळाले.

मित्राचा राउटर आणला, रूळ म्हणून दोन सरळ पट्ट्या स्क्रू केल्या, बोर्डाच्या चारी बाजूंना तेवढ्याच जाडीचे लाकडी तुकडे ठोकले म्हणजे काठ फुटत नाही, आणि रविवारभर बसून स्वतःच केलं. मग 80, 120, 180 नंबरचे पेपर, पाणी मारून उठलेले तंतू परत घासले, वर फूड ग्रेड मिनरल ऑइल. देताना पेन्सिलने खालच्या बाजूला चारी कोपऱ्यांची जाडी लिहून फोटो काढला असता तर भांडायला काहीतरी हातात असतं, आणि काम चालू असताना तिथे स्टूल टाकून बसायला हवं होतं ते वेगळंच.

परवा त्याचं व्हॉट्सॲप स्टेटस दिसलं, "आमचे दर्जेदार काम". फोटोत माझाच बोर्ड, चकाचक, कापलेला काठ भिंतीकडे करून ठेवलेला.