ओपन सोर्स गेम कन्सोल: रास्पबेरी पाय, जुना संगणक की एएमडीचा मिनी पीसी?

टीव्हीला जोडण्यासाठी स्वतःचा गेम कन्सोल तयार करायचे ठरले की बहुतेक जण आधी यंत्र घेतात आणि मग त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम चालेल हे शोधू लागतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. कोणते खेळ खेळायचे हे आधी निश्चित केले की सिस्टीम ठरते, आणि सिस्टीम ठरली की ग्राफिक्स चिप निवडायला फारसा वाव उरत नाही.

साधारण १९९०च्या दशकापर्यंतचे कन्सोलवरील खेळ एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खेळायचे असतील, तर रास्पबेरी पाय ४ किंवा ५ हा छोटा संगणक पुरेसा आहे. त्यासाठी तयार मिळणाऱ्या सिस्टीमपैकी रेट्रोपायमध्ये बदल करण्याची मोकळीक सर्वाधिक मिळते, परंतु त्याची ४.८ ही इमेज (मेमरी कार्डवर लिहायची सिस्टीमची तयार प्रत) २०२२ सालची असल्यामुळे त्यानंतर आलेल्या पाय ५ वर ती चालत नाही. तेथे आधी रास्पबेरी पाय ओएस टाकून मग रेट्रोपायची स्क्रिप्ट चालवावी लागते. लक्का हलकी आहे, पण तिचा सारा कारभार रेट्रोआर्क या एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या मेनूतून चालतो आणि तो नवख्याला गोंधळात टाकतो. पहिल्यांदाच हे करणाऱ्याने बाटोसेरा घ्यावी, कारण इमेज मेमरी कार्डवर लिहून कंट्रोलर जोडला की बहुतांश काम संपते. खेळांच्या प्रती मात्र स्वतःच्या मालकीच्या कार्ट्रिज किंवा डिस्कवरूनच काढाव्यात.

पायचा एक गुण सहसा कोणी मोजत नाही: त्याच्या एचडीएमआय पोर्टमध्ये सीईसीची सोय असते, त्यामुळे सॉफ्टवेअरची साथ असल्यास टीव्ही आणि कन्सोल एकमेकांना आज्ञा देऊ शकतात. संगणकाच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांत ही सोय नसते. उलट, पायला संगणकासारखा स्लीप मोड नाही, आणि खेळ चालू असताना वीज तोडल्यास मेमरी कार्डवरील माहिती बिघडण्याचा धोका असतो. पाय ५ साठी ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा चार्जरच घ्यावा. कमी क्षमतेच्या चार्जरवर तो यूएसबी पोर्टना मिळणारी वीज मर्यादित करतो.

घरात जुना संगणक पडून असेल, तर काहीही विकत घेण्याआधी त्याच्यावर प्रयोग करणे सर्वांत शहाणपणाचे. बाटोसेरा पेन ड्राइव्हवरून सुरू होते आणि हार्ड डिस्कला हात लावत नाही. फक्त बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम रोखणारी सोय) बंद करावे लागते.

पीसीवरचे आधुनिक खेळ हवे असतील, तर चित्र पूर्ण बदलते. हे खेळ विंडोज आणि एक्स८६ जातीच्या (इंटेल व एएमडीच्या) प्रोसेसरसाठी लिहिलेले असतात आणि पायचा प्रोसेसर एआरएम जातीचा असतो, म्हणून तेथे पायचा विचार सोडून द्यावा. स्टीम हे खेळांचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे असे असंख्य खेळ लिनक्सवर चालू लागले, आणि २०२२ मध्ये स्टीम डेक या तिच्या हातात धरायच्या कन्सोलसोबत आलेल्या, आर्च लिनक्सवर आधारित स्टीमओएस ३ ने कंट्रोलरने चालणारा तयार गेमिंग मोड दिला. तसाच अनुभव फेडोरा लिनक्सवर आधारित बझाइट ही सिस्टीमही देते. स्वतः जुळवलेल्या यंत्रासाठी मी बझाइटच निवडेन: तिचे अपडेट संपूर्ण इमेजच्या रूपाने येते, आणि नव्या इमेजमध्ये बिघाड निघाला तर बूट मेनूतून आधीची इमेज निवडून त्याच संध्याकाळी खेळ सुरू करता येतो. तत्त्व म्हणून ओपन सोर्स निवडणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की स्टीमचे ॲप स्वतः ओपन सोर्स नाही.

या मार्गावर ग्राफिक्स एएमडीचेच असावे, कारण त्याचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) आणि मेसा या खुल्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्येच असतो व वेगळा काही टाकावा लागत नाही. एनव्हिडियाने २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूल खुले केले, तरी ड्रायव्हरचा उरलेला मोठा भाग बंदिस्तच राहिला आणि गेमिंग मोडमध्ये त्या कार्डांच्या अडचणी जास्त येतात. एएमडीचीही एक मर्यादा आहे: खुल्या ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ हे टीव्ही जोडणीचे अधिक वेगवान मानक आणण्याचा तिचा प्रस्ताव ते मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारला. ४के चित्र ६० हर्ट्झवर पाहणाऱ्याला याने फरक पडत नाही, पण १२० हर्ट्झचा टीव्ही असणाऱ्याने खरेदीपूर्वी या मुद्द्याची सद्यस्थिती नक्की तपासावी. मिनी पीसीत इंटिग्रेटेड (प्रोसेसरमध्येच असलेले) ग्राफिक्स असेल आणि रॅम बदलता येत असेल, तर एका मोठ्या स्टिकऐवजी दोन सारख्या स्टिक घ्याव्यात, कारण अशी चिप याच मेमरीवर चालते आणि एकच स्टिक असल्यास मेमरीचा एकच मार्ग (चॅनेल) मिळून तिचा वेग लक्षणीय घटतो.

शेवटचा प्रश्न ऑनलाइन स्पर्धात्मक खेळांचा. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या खेळातील फसवणूक रोखणाऱ्या प्रणाली प्रोटॉनवर चालू शकतात, मात्र खेळाच्या निर्मात्याने तशी परवानगी द्यावी लागते. फोर्टनाइटला ती मिळालेली नाही, आणि व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड ही संरक्षण प्रणाली तर लिनक्सवर चालतच नाही. असे खेळ हेच कन्सोल घेण्याचे मुख्य कारण असेल, तर वरीलपैकी एकही पर्याय निवडू नये.