माशोचं प्रेमगीत थेट हस्तलिखितावरून: गॅलिका कितपत उपयोगी?

चौदाव्या शतकातलं फ्रेंच दरबारी प्रेमगीत शिकायचं असेल, तर स्वरलिपीचं महागडं पुस्तक घेण्याआधी गॅलिका उघडा. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं हे डिजिटल दालन १९९७ पासून सुरू आहे. बघायला पैसे लागत नाहीत, नोंदणीही नाही. फ्रेंच कवी-संगीतकार गीयोम द माशोच्या (निधन १३७७) गीतांसाठी मला याहून चांगली जागा माहीत नाही.

शोध मात्र त्रासदायक. आपल्याला शिकायचं आहे ते माशोचं 'दूस दाम जोली'. हे नाव टाकलं की छापील पुस्तकं पुढे येतात, कारण हस्तलिखितातला मजकूर शोधयंत्राला वाचता येत नाही. त्याऐवजी रोमन लिपीत 'फ्रांसे' आणि पुढे १५८४ हा ग्रंथक्रमांक टाका. याच प्रतीच्या अनुक्रमणिकेवर 'माशोला आपल्या ग्रंथात हवा असलेला क्रम' असं लिहिलं आहे. आपलं गीत व्हिरले, म्हणजे ध्रुवपद पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रकारातलं. ही गीतं शेवटाकडे, ४८० च्या पुढच्या पानांत आहेत. पानाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रं वेगवेगळी असल्याने पडद्यावरचा क्रमांक पानक्रमांकाच्या साधारण दुप्पट असतो. इथे पुष्कळजण चुकतात.

चित्रं अप्रतिम आहेत. पूर्ण मोठं केल्याशिवाय वाचू नका: सेमीब्रेव्ह हे स्वराची लांबी दाखवणारं चिन्ह म्हणजे नुसता शंकरपाळ्याच्या आकाराचा ठिपका, त्याला वर दांडी आली की मिनिमा, म्हणजे त्याहून छोटा स्वर. ती बारीक दांडी नजरेतून सुटली तर पुढची सगळी लय घसरते. चावीची, म्हणजे कुठल्या रेषेवर कुठला सूर ते सांगणाऱ्या चिन्हाची, जागाही तपासत राहा. ती वेगळ्या रेषेवर सरकली असेल आणि तुम्ही जुन्याच हिशोबाने वाचलंत, तर अख्खी ओळ चुकीच्या सुरांत जाते.

सगळ्यात मोठी अडचण रचनेची. पानावर सुरावटी दोनच दिसतात, म्हणून नवखा गायक त्या एकामागून एक गाऊन थांबतो. व्हिरलेचा खरा क्रम असा: आधी ध्रुवपद, पहिल्या सुरावटीवर. मग प्रत्येक कडव्यात दुसरी सुरावट दोनदा, वेगवेगळ्या शब्दांवर. नंतर पहिली सुरावट नव्या शब्दांवर, आणि पुन्हा ध्रुवपद. तीन कडवी धरली तर पहिली सुरावट ७ वेळा, दुसरी ६ वेळा. हा फेरा नीट बसला की आर्जव वाढत जातं, आणि या गीताची सगळी गोडी त्यातच आहे.

उच्चार आजच्या फ्रेंचचे घेऊ नका. शब्दाअखेरचा 'ए' हलक्या 'अ'सारखा गायचा असतो: दू-स दा-म जो-ली-अ, सात अक्षरं. आजच्यासारखा तो गिळला की सूर उरतात आणि शब्द संपतात.

लयीचा वेग किंवा वाद्यं पानावर लिहिलेली नाहीत; ते तुम्हीच ठरवायचं. प्रतिमा स्वतःच्या अभ्यासासाठी मोफत उतरवता येते, फक्त स्रोताचा उल्लेख करा. विकायच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर ती वापरायची असेल, तर ग्रंथालयाकडून परवाना घ्यावा लागतो.