अडीच फुटी टँक, एकच फायरमाउथ: अकरा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी फायरमाउथ हा लाल गळ्याचा मासा घरी आणला, आता मे संपत आलाय. म्हणजे अकरा महिने झाले, पावसाळा थंडी उन्हाळा तिन्ही ऋतू पाहून झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही असं वाटलं.

आधी टँकचं माप सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. अडीच फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. हिशोबाने ८८ लिटर होतात पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी ७५ लिटरच्या आसपासच बसतं. आमचा फ्लॅट नाशिकच्या इंदिरानगरला, हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला तेवढीच जागा होती, याहून मोठा टँक बसणारच नव्हता. दुकानात गेलो तर पहिला आग्रह फ्लॉवरहॉर्न माशाचा, लकी असतो, एकटाच राहतो, दोन फुटातसुद्धा मस्त राहील. असं सांगून विकतात याचा मला खरंच राग येतो. फ्लॉवरहॉर्न फूटभर वाढतो, ऑस्कर मासाही तेवढाच, त्यांना चार फुटांच्या खाली टँक नकोच. अडीच फुटात तो मासा नीट वळूही शकत नाही. छोटा टँक आणि एकच मासा ठेवायचा तर मासाही त्या मापाचाच घ्यायला हवा.

मग फायरमाउथच का? तर पाण्यामुळे. आमच्या सोसायटीत पालिकेचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत येतं, उन्हाळ्यात बोअरचं जास्त, आणि ते चांगलंच जड आहे, बादल्यांना पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. पीएच (पाण्याचा आंबटपणा, ७ च्या खाली म्हणजे आंबट) मोजला तर ७.८. जर्मन ब्ल्यू रॅम दिसायला फार देखणा, मनात तोच होता, पण तो मऊ आंबट पाण्यातला मासा आणि तब्येतीने नाजूक. फायरमाउथ मूळचा मेक्सिकोतल्या युकातानचा, बेलीझ आणि उत्तर ग्वाटेमालाचा, तिकडे सगळा चुनखडीचा प्रदेश, त्याला जड पाण्याची सवयच. पाण्याचा गुण बदलण्यासाठी औषधं ओतत बसण्यापेक्षा आपल्या नळाला जे पाणी येतं त्यात सुखाने राहील असा मासा आणायचा, हे मला आज सगळ्यात जास्त पटतं.

आणला तेव्हा दोन इंचाचा होता आणि अगदी राखाडी. बायको म्हणाली, "अहो, एवढ्या रंगीत माशांतून हा का आणलात?" दुकानातल्या उघड्या पांढऱ्या टँकमध्ये, डोक्यावर ट्यूबलाइट, लपायला कोपरा नाही, तिथे याचा रंग दिसतच नाही. लहान फायरमाउथ निवडताना रंग बघू नका, पोट आत गेलेलं नाही ना, पंख मिटून बसलेला नाही ना, खायला टाकल्यावर पुढे येतो का, एवढं बघा. घरी खाली काळपट बारीक वाळू टाकली होती, एक जुनी मातीची कुंडी अर्धी करून आडवी ठेवलेली, थोडे काळे दगड, आणि लाकडाला बांधलेलं अनुबियास नावाचं पाणझाड. वाळूत लावलेलं झाड टिकत नाही, तो उकरून काढतो, बांधलेलंच घ्या. तिसऱ्या महिन्यात गळ्याखाली विटकरी छटा आली, दिवाळीपर्यंत नारिंगी, आणि जानेवारीत एक दिवस लेक ओरडली, "बाबा, ह्याचा गळा बघा जास्वंदीसारखा झाला!" तेव्हापासून त्याचं नाव जास्वंद्या.

आता तो जवळजवळ पाच इंचाचा झालाय. नर आहे, पाठीवरच्या पंखाचं टोक लांब दोऱ्यासारखं मागे जातं आणि पंखांवर निळसर ठिपके आहेत. पण खरा देखावा गळ्याचा. आवडलं नाही की तो डोकं जरा खाली करतो, दोन्ही गालांची झाकणं बाहेर काढतो आणि गळ्याची लाल कातडी छत्रीसारखी फुगवतो. प्रत्येक झाकणावर एक काळा ठिपका आहे, कडेने हिरवट चमक. झाकणं फाकली की समोरून बघणाऱ्याला ते दोन मोठे डोळे वाटतात आणि पाच इंचाचा मासा दुप्पट दिसतो. चावण्यापेक्षा घाबरवून काम भागवायचं असा त्याचा स्वभाव. बरेच जण हे बघायला रोज आरसा लावतात, मी महिन्यातून एखाद वेळा, तेही मिनिटभर, कारण आरशातला शत्रू हटतच नाही आणि मासा उगाच दमतो.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे वाळू चाळणं. तोंड वाळूत खुपसतो, घासभर वाळू उचलतो, दोन सेकंद चघळल्यासारखं करतो आणि कल्ल्यांतून बारीक धूर निघावा तशी ती बाहेर पडते, खाण्याचा कण मात्र आत राहतो. दिवसभर हेच चालतं. म्हणून याला खडे नकोत, बारीक वाळूच हवी, आणि ती टाकायच्या आधी पाणी नितळ येईपर्यंत धुवा, मी सात-आठ पाण्यांतून धुतली. फिल्टरचं तोंड वाळूपासून चार इंच वर ठेवा नाहीतर मोटर खराब होते.

आता चूक सांगतो, कारण त्यात मासा जवळजवळ गेला होता. टँक मी मासा आणायच्या आधी पाच आठवडे चालवला होता, माशाच्या घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये बसायला तेवढा वेळ लागतोच. तिथवर सगळं बरोबर. ऑगस्टमध्ये पाणी जरा गढूळ दिसलं म्हणून एकाला विचारलं, तो म्हणाला स्पंज नळाखाली चांगला पिळून धुवा, आणि मी धुतला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने पाच आठवड्यांची मेहनत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर जास्वंद्या वरच्या कोपऱ्यात, पंख मिटलेले, तोंड पाण्याच्या कडेला लावून भराभर श्वास घेतोय, अंगावर काळे पट्टे उठलेले. किट काढून मोजलं तर अमोनिया १ पीपीएम (दहा लाख भागांत एक), जो शून्य असायला हवा. त्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली. खाणं बंद, रोज ४० टक्के पाणी बदललं, अँटीक्लोरीन घालून आणि तापमान सारखं करून, आणि दुसऱ्या एअर पंपाने हवा सोडली. मित्राच्या जुन्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा आणून आमच्या फिल्टरमध्ये घातला, मला वाटतं त्यानेच वाचवलं. सहाव्या दिवशी तो खाली आला आणि वाळूत तोंड घातलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. स्पंज धुवायचा तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच, बादलीत, हलक्या हाताने. अमोनियाचं थेंबांचं किट घेतल्याशिवाय मासा घेऊ नका, कितीही महाग वाटलं तरी.

थंडीचं पण बघावं लागतं. नाशिकची डिसेंबरची पहाट म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, एकदा रात्री हीटरचा प्लग सैल झाला तर सकाळी पाणी १९ अंशावर. १०० वॅटचा हीटर या टँकला पुरतो, मी २६ वर ठेवतो. एप्रिलमध्ये उलटं, पाणी ३२ पर्यंत गेलं, तेव्हा झाकण काढून वर जाळी बांधली आणि छोटा टेबल फॅन पाण्यावर तिरका सोडला, दोन अंश उतरतं, फक्त पाणी रोज आटतं तेवढं भरावं लागतं. लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप आहे, तो घेऊनच ठेवा.

खाणं सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, बुडणारे बारीक दाणे. आठवड्यातून एकदा सोललेला उकडलेला मटार कुस्करून, आणि घरी कोळंबी आणली की मीठ-मसाला लावायच्या आधी एक नखाएवढा तुकडा त्याचा. गळ्याचा लाल रंग टिकायला कोळंबीसारख्या खाण्याचा उपयोग होतो कारण तो रंग खाण्यातूनच येतो. रविवार उपासाचा. पाहुण्यांची मुलं आली की खाण्याचा डबा कपाटात.

"एकटाच का रे ठेवलास बिचाऱ्याला, जोडीदार आण की," हे आई पहिले सहा महिने रोज म्हणायची. तिला समजावलं की दोन नर ठेवले तर एवढ्याशा जागेत एकाला पळायलाही जागा नाही, आणि जोडी लावली तर अंडी घातल्यावर सगळा टँक त्यांचाच, पुढे शंभर पिल्लांचं काय करायचं. फायरमाउथला थव्यात राहायची गरज नसते, त्याला स्वतःचा कोपरा लागतो. आता आईच सकाळी सातला चहा घेऊन टँकसमोरच्या खुर्चीत बसते. ती आली की हा कुंडीतून बाहेर येऊन काचेला लागतो, मी आलो की येईलच असं नाही. डब्याचं निळं झाकण मात्र कुणाच्याही हातात दिसलं की हजर.

कामाचं म्हणाल तर रविवारी पाऊण तास. ३० टक्के पाणी, म्हणजे दोन बादल्या, पाइपने वाळूवरची घाण ओढायची, समोरची काच पुसायची. काढलेलं पाणी मी गॅलरीतल्या तुळशीला आणि मोगऱ्याला घालतो, मोगरा यंदा भरभरून आला. ज्यांना महिन्याला दोन-तीन रविवार बाहेर जावं लागतं त्यांनी विचार करून घ्या, चार-पाच दिवस उपाशी राहिला तर मोठ्या माशाला काही होत नाही पण पाण्यात घाण साचत गेली तर डोक्याला खड्डे पडायचा आजार सिक्लिडांना, म्हणजे फायरमाउथच्या कुळातल्या माशांना, लागतो. आम्ही मार्चमध्ये पाच दिवस गावी गेलो होतो, शेजारच्या काकूंना फक्त लाइट चालू-बंद करायला सांगितलं होतं, खाणं अजिबात टाकू नका म्हणून डबाच सोबत नेला. परत आलो तर त्याने कुंडीखालची वाळू उकरून पार काचेपर्यंत खड्डा केला होता आणि कुंडी तिरकी झाली होती. आता कुंडी थेट काचेवर टेकवून मग भोवती वाळू टाकलीय, दगडही तसेच, आणि तो रोज नवीन कोपरा उकरतोय.