ताकायामा की मात्सुमोतो? मुक्काम एकाच ठिकाणी करायचा असेल तर

जपानला जाताना तोक्यो-क्योतोच्या जोडीला एखादं लहान, डोंगरातलं शहर बघायचं ठरलं, की शेवटी गाडी या दोन नावांवर अडते. मी दोन्हीकडे राहिलोय, म्हणून थोडा आगाऊपणा करतो.

दिसायला ताकायामा उजवं, यात वाद नाही. सान्माची भागातली काळपट लाकडी घरं, साके म्हणजे तांदळाची दारू बनवणाऱ्यांच्या दारावर टांगलेले, सुगी नावाच्या जपानी देवदाराच्या डहाळ्यांचे गरगरीत गोळे. हिदा प्रांतातल्या सुतारांची ख्याती इतकी, की आठव्या शतकातल्या नारा काळात इथून कर म्हणून कारागीरच पाठवले जात. सकाळी मियागावा नदीकाठी बाजार भरतो. तिथल्या आज्या लाल सलगमाच्या लोणच्याची चव बघायला लावतात आणि मग पिशवी घेतल्याशिवाय पाय निघत नाही.

पण संध्याकाळचे पाच वाजले की गाव मिटतं. शिराकावागो या जवळच्या प्रसिद्ध खेड्याहून आलेल्या बसगाड्या परततात, फळ्या लागतात आणि तासाभरात त्या सुंदर गल्लीत चिटपाखरू नसतं. बरेच पाहुणे र्योकानमध्येच, म्हणजे पारंपरिक जपानी धर्मशाळावजा हॉटेलातच जेवतात, मग दुकानं उघडी ठेवायची कुणासाठी? तुमच्या मुक्कामात जेवण नसेल तर पंचाईत. मी दिवा दिसेल ते दार सरकवत गेलो आणि आतून दोन्ही हातांची फुली बघून परत फिरलो. शेवटी कोंबिनीतल्या (चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान) ओनिगिरीवर, म्हणजे भाताच्या गोळ्यांवर भागवलं. कुणाला ही शांतता आवडेलही. मला ती सेट आवरल्यानंतरच्या स्टुडिओसारखी वाटली.

मात्सुमोतो त्यामानाने विस्कळीत. नाकामाचीतली काळ्या-पांढऱ्या भिंतींची गोदामं छान आहेत, पण वळलं की साधं काँक्रीट. किल्ला मात्र अस्सल, सोळाव्या शतकाच्या अखेरचा. बूट पिशवीत घालून हातात धरायचे आणि शिडीसारखे जिने चढायचे. सर्वांत उभ्या जिन्याचा चढ ६१ अंशांचा आहे. गुडघे कुरकुरत असतील तर खंदकाभोवती फेरी मारली तरी चालेल. रात्री तिथे स्थानिक लोक कुत्री फिरवत असतात, आणि जवळच सोबा (कुट्टूच्या पिठाच्या शेवया), कॉफी, बिअर सगळं मिळतं. जागोजागी झऱ्याच्या पाण्याच्या विहिरी आहेत. गेंची विहिरीवर लोक घरच्यासाठी पाण्याचे कॅन भरून नेतात, आपणही बाटली भरून घ्यायची. ठिपक्यांसाठी प्रसिद्ध असलेली चित्रकार यायोई कुसामा इथलीच; कलासंग्रहालयाबाहेर तिची ठिपक्यांची अजस्र फुलं तिकिटाशिवाय दिसतात.

शाकाहाऱ्यांनी दोन्हीकडे चिवड्याचा डबा जवळ ठेवावा. सोबाबरोबरच्या त्सुयू नावाच्या रशातही मासा असतोच.

१४-१५ एप्रिल किंवा ९-१० ऑक्टोबरला जाणार असाल तर डोळे मिटून ताकायामा, रथांच्या उत्सवासाठी. खोली मात्र खूप आधी धरा. एरवी माझं मत विचाराल तर सामान मात्सुमोतोत ठेवावं. दोन्ही शहरांमध्ये थेट बस आहे, सुमारे अडीच तासांची. पहिली बस पकडली तर ताकायामाच्या गल्ल्या बघून, फळ्या लागायच्या आत परत निघता येतं.