एका घरात दोन पिठं, की सगळ्यांचं एकच?

सीलिॲकचा, म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन ज्यात आतड्याला इजा करतं त्या आजाराचा, रिपोर्ट हातात पडला की डॉक्टर दोन मिनिटांत सांगून मोकळे होतात: गहू, रवा, मैदा, जव सगळं बंद, आणि कायमचं. तिढा पडतो तो घरी आल्यावर. पाच माणसांच्या घरात एकालाच गहू वर्ज्य, मग बाकीच्यांच्या पोळ्यांचं काय? बडोद्यातल्या ओळखीच्या मराठी घरांत मी याची दोन उत्तरं पाहिली. एक म्हणजे दोन्ही पिठं नांदू द्यायची, त्यांची पोळी आणि तुझी भाकरी. दुसरं म्हणजे स्वयंपाकघरातून गहूच हलवायचा. आम्ही पहिलं करून दुसऱ्यावर आलो, तेव्हा माझा कल कुठे असणार हे उघड आहे. पण पहिल्याचीही बाजू आहे, आणि काही घरांना तीच सोयीची पडेल.

आमच्या आईची पंचाहत्तरी उलटली आहे. दुधात कुस्करलेली घडीची पोळी हे तिचं रात्रीचं जेवण. तिला ‘उद्यापासून भाकरी खा’ म्हणणं जिवावर येतं, आणि का म्हणायचं? गव्हानं तिला काही होत नाही. ज्याला हा आजार नाही त्याला ग्लुटेन सोडून काही मिळतही नाही, बाजारात कितीही डांगोरा पिटला तरी. मुलाच्या डब्यात थेपले लागतात, कारण वर्गात सगळ्यांच्या डब्यात थेपले असतात. शिवाय पोळ्यांना येणाऱ्या मावशींना पोळ्याच येतात. सगळ्या घराच्या भाकऱ्या थापायच्या म्हटलं की पगार वाढतो, नाहीतर मावशी सुटतात. तयार ग्लुटेन-फ्री पिठाची पाकिटं आणून पाच जणांना जेवायला वाढायचं म्हटलं, तर ते साध्या आट्याच्या कितीतरी पट महाग. महिन्याचं गणितच कोलमडतं. आणि एक अवघड गोष्ट: आपल्या एकट्यापायी सगळ्यांच्या ताटातली पोळी गेली, हे पेशंटला रोज खात राहतं. दोन पिठांच्या घरात तेवढं तरी ओझं नसतं.

ही पद्धत नीट पाळायची तर पोळपाट, लाटणं, तवा, परात, चाळणी वेगळी लागते. स्टीलची भांडी घासून निघतात. लाकडाच्या भेगांतलं आणि चाळणीच्या जाळीतलं पीठ निघत नाही. आपल्या पिठाचे डबे वरच्या फळीवर, गव्हाचा डबा खाली, म्हणजे वरून काही पडलं तर आपलं त्यांच्यात पडेल, त्यांचं आपल्यात नाही. सकाळी आधी भाकरी, मग पोळ्या. लोणच्यात, तुपात, दह्यात आपला चमचा निराळा, किंवा सरळ आपली बरणीच निराळी. आम्ही हे सगळं केलं होतं. फ्रिजवर यादीही लावली होती.

माझं घोडं अडलं ते फडक्यापाशी.

मराठी पोळी पिठीशिवाय लाटता येत नाही. मावशी गोळा पिठीत बुडवतात, लाटतात, पुन्हा बुडवतात, तव्यावर टाकायच्या आधी दोन्ही तळव्यांवर थापटतात. त्या थापटण्यात उडालेली पिठी सकाळच्या उन्हात खिडकीपाशी चांगली दिसते. ती ओट्यावर बसते, गॅसच्या बटणांवर, पालथ्या घातलेल्या वाट्यांवर, मिठाच्या बरणीच्या झाकणावर. पोळ्या झाल्या की मावशी ओट्यावरचं फडकं घेतात, पोळपाट पुसतात, ओटा पुसतात आणि जाता जाता त्याच फडक्यानं माझं ताट कोरडं करून मांडतात. सवयीनं, प्रेमानं. त्यांना सांगितलं. त्यांनी दुसरं फडकं घेतलं. आठवड्याभरात पहिलं धुवायला गेलं आणि दुसरं दोन्ही कामांना वापरात आलं. मग लाल-निळी फडकी आली. मग लाल फडकं ओलं होतं म्हणून एके दिवशी निळं.

हे सगळं क्षुल्लक वाटेल, म्हणून थोडा हिशोब सांगतो. सीलिॲकच्या बहुतेक पेशंटांना दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसतं असं मानतात. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये ते साधारण २ ग्रॅम असतं, म्हणजे दोनशेपट. चिमटीभर कणकेतही १० मिलिग्रॅमच्या वर भरतं. थोडक्यात, पोळीचा तुकडा चुकून कुणी खात नाही. धोका असतो तो पिठीचा.

माझ्या टीटीजीचा, म्हणजे सीलिॲकसाठी करतात त्या रक्ततपासणीचा, आकडा त्या काळात उतरत होता, पण रेंगाळत. डॉक्टर म्हणाले, आकडा जागेवर यायला वर्ष किंवा जास्तही लागतं, घाई करू नका. तेव्हा दोष फडक्याचा होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मला सोसेना ते वेगळंच. मी घरातला इन्स्पेक्टर झालो होतो. कुणी चमचा उचलला की माझी मान वळायची. ‘हा कुठला हात?’ हे वाक्य मी आईला म्हणू लागलो होतो. बायको ताट वाढून आणायची आणि मी आधी ताटाची कड न्याहाळायचो. जेवण सुटलं असतं तरी चाललं असतं, ही सवय सुटायला हवी होती.

दुसऱ्या पद्धतीत आम्ही जे ठरवलं ते ‘घरात गहू नाही’ असं सरसकट नाही. ठरलं ते इतकंच: घरात गव्हाचं कोरडं पीठ नाही. उडणारा गहू बाहेर, न उडणारा आत आला तर चालेल. आईच्या पोळ्या सोसायटीतल्याच एका बाईंकडून येतात. त्या नगावर रोटल्या आणि थेपले करून देतात. बडोद्यात अशा बाई शोधाव्या लागत नाहीत, त्याच तुम्हाला शोधत येतात. आलेल्या पोळ्या आईच्या डब्यात, आईच्या ताटात, आणि ते ताट वेगळं घासलं जातं. मुलाचा ब्रेड आणि खाकरे खालच्या खणात. खाकऱ्याचा चुरा हा एक उपद्रव आहेच. तो टेबलावर न खाता गॅलरीत खायचा, एवढा एक नियम.

यात गेलं काय? तव्यावरून थेट ताटात पडणारी, तूप ओघळणारी पोळी गेली. आईनं ती तक्रार अजून सोडलेली नाही आणि तिचं बरोबर आहे. बाहेरची पोळी तास-दोन तासांनी येते, ती गारच. होळीला पुरणपोळ्या विकतच्या येतात. घरात पुरण शिजतं आणि मी ते वाटीत घेऊन दूध-तुपाशी खातो. दिवाळीत शंकरपाळी, चिरोटे आणि मैद्याच्या करंज्या बंद झाल्या. अनारसे, बेसनाचे लाडू, चिवडा, तांदूळ-डाळीच्या भाजणीची चकली राहिली. कुणी रुसलं नाही. गणपतीला तर काहीच बदललं नाही, उकडीचे मोदक तांदळाचेच.

रोजचं जेवण मात्र वाटलं होतं त्यापेक्षा सहज बसलं, आणि याचं श्रेय गावाला. आपण गुजरातेत राहतो. बाजरीचा रोटला, हांडवो, खाटा ढोकळा, खिचू यांतलं काहीही गव्हावर अडत नाही, फक्त ते घरी करायचं. दुकानातल्या हांडव्यात किंवा ढोकळ्यात रवा पडलेला असू शकतो. आपल्याकडची घावनं, आंबोळी, वरईचा भात आहेच. उपासाच्या पदार्थांचं सामान, म्हणजे राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, मोरैयो (आपली वरईच), हे सगळं मुळात आपल्यासाठीच ठेवल्यासारखं. मावशी सुटल्या नाहीत. त्या पंचमहालच्या, पोळ्या त्या नोकरीसाठी शिकल्या होत्या, रोटला त्यांचा घरचा. हातावर थापलेला रोटला पाहिल्यावर कळलं की आम्ही इतके दिवस त्यांना भलतंच काम देत होतो.

भाकरी जमत नाही अशा घरांसाठी: ज्वारीची उकड काढून त्यात थोडा इसबगोलाचा भुसा घातला तर पोळीसारखी लाटता येते, तुटत नाही. सिद्धपूर-उंझा हा इसबगोलाचा मोठा बाजार आपल्याच राज्यात, त्यामुळे माल कुठेही मिळतो. तयार पाकिटाच्या पिठापेक्षा मला ही बरी वाटते. त्या पिठाची पोळी गरम असेपर्यंत ठीक, डब्यात गेली की पापड. पाकीट मी प्रवासासाठी ठेवतो. किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असेल तर आपल्याकडे पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिता येत नाही, तेव्हा परगावी तो एक आधार.

दळणाचा प्रश्न दोन्ही पद्धतींत येतो, पण सुटतो तो दुसरीतच. नाक्यावरच्या चक्कीत दिवसभर गहू पडतो. तुमच्या ज्वारीचं पहिलं पीठ म्हणजे मागच्याच्या गव्हाचा शेवट. चक्कीवाला कितीही भला असला तरी तुमच्या दोन किलोंसाठी जातं उघडून पुसणार नाही. घरघंटी आपल्याकडे घरोघर असते, पण तीच घंटी सकाळी गहू आणि दुपारी ज्वारी दळत असेल तर ती घरातली चक्कीच झाली. दोन घंट्या ठेवायला जागा आणि पैसा कुणाकडे आहे? घरात गव्हाचं दळणच नसेल तर एक नवी घंटी पुरते. हाथीखान्यातून, म्हणजे इथल्या धान्यबाजारातून, ज्वारी-बाजरी आणतो, ती निवडूनच घंटीत जाते, कारण मोकळ्या पोत्यांतल्या मालात गव्हाचे दाणे सापडतात. पांढऱ्या ज्वारीत ते परातीत पसरल्याबरोबर दिसतात. निवडायचं काम आईनं आपणहून घेतलं आहे, आणि सापडलेले दाणे ती मला वाटीत जमवून दाखवते. बाजरी मात्र थोडी थोडी दळा, पीठ लवकर कडू होतं.

आता कुणी पहिलीच पद्धत धरावी? माझ्या मते, एकत्र कुटुंबात आठ-दहा माणसं असतील, ओटा मोठा असेल आणि स्वयंपाक घरचंच माणूस करत असेल, तर जमेल. ज्या घरात आजारी माणूसच स्वयंपाक करतो तिथेही जमतं म्हणतात. पण रोज कणीक मळायची आणि स्वतः खायची नाही, पीठ नाकातोंडात जातं ते वेगळंच, हे मी कुणाला सुचवणार नाही. लहान घर, एकच ओटा, मावशींच्या हातचा स्वयंपाक असेल तर मी दुसरीकडेच ढकलीन.

दुसरी धरणार असाल तर गहू हलवायच्या आधी एक काम करा. आई-वडील, भावंडं, मुलं या सगळ्यांची टीटीजी करून घ्या. पेशंटच्या रक्ताच्या जवळच्या नात्यात साधारण दहात एकाला हा आजार निघतो, आणि बऱ्याचदा त्याला पोटाची काहीच तक्रार नसते; नुसतं हिमोग्लोबिन वाढत नाही. गहू खाणं चालू असेपर्यंतच ही तपासणी खरं बोलते. घरानं सहा महिने गहू सोडला आणि मग रक्त दिलं, तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो आणि कळणार काहीच नाही. आमच्याकडे आईचा आणि मुलाचा रिपोर्ट निर्मळ निघाला, म्हणून तर त्यांच्या पोळ्या चालू आहेत.

कुठलीही पद्धत घ्या, दोन डब्या पहिल्या दिवशीच बदलाव्या लागतील. बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, आणि हिंग आपल्या प्रत्येक फोडणीत. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पाकीट वाचून घ्यावा. दुसरं मेतकूट. आजारपणात मऊ भातावर हमखास तेच घातलं जातं, आणि घरोघरच्या मेतकुटात मूठभर गहू भाजून घातलेले असतात. थालिपिठाच्या भाजणीचंही तेच. दोन्ही गव्हाशिवाय करता येतात. चवीत मला तरी फरक कळला नाही, आईला कळतो.

आणि जमलं तर निर्णय होळीच्या आसपास घ्या. मार्च-एप्रिलात इथे घरोघर वर्षाचा गहू भरतात. एकदा दिवेल (एरंडेल) लावून पिंप भरलं की पुढे वर्षभर ‘एवढा संपू दे, मग बघू’ चालतं. आमचं पिंप भरलेलं होतं. ते बहिणीकडे मांजलपूरला गेलं, आणि गरम पोळीची फारच आठवण आली की आई चार दिवस तिच्याकडे राहून येते.