नाशिकमधील आलिशान भाड्याच्या घरांची पारख: नदीकाठचा टॉवर की महात्मा नगरातले जुने अपार्टमेंट?

महिन्याला ५०,००० रुपयांपर्यंत भाडे आणि किमान तीन शयनगृहे एवढ्या दोनच अटी घेऊन नाशिकमध्ये घर शोधू लागले, की एजंट साधारणपणे तीन प्रकारच्या घरांकडे नेतात. पहिला प्रकार म्हणजे जेहान सर्कलच्या पुढे, आनंदवल्लीपासून सोमेश्वरपर्यंत गोदावरीच्या काठाने उभे राहिलेले उंच टॉवर. दुसरा म्हणजे कॉलेज रोड, महात्मा नगर आणि थत्ते नगर या भागांतील चार-पाच मजली, वीस-पंचवीस वर्षांची, परंतु आतून नव्याने सजवलेली अपार्टमेंट. तिसरा प्रकार इंदिरानगर ते पाथर्डी फाटा या पट्ट्यातील, मुंबई–आग्रा महामार्गालगतच्या नव्या संकुलांचा. तिन्ही ठिकाणची घरे पाहून झाल्यावर आमचे मत दुसऱ्या प्रकाराकडे झुकले. मात्र ते सरसकट सर्वांना लागू पडेल असे नाही, म्हणून त्यामागची कारणे सविस्तर मांडतो.

नदीकाठच्या टॉवरचे आकर्षण खोटे नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाल्यानंतर नाशिकमध्येही उंच इमारतींना वाट मिळाली आणि गंगापूर रोडचे रूप पाहता पाहता बदलले. बाराव्या मजल्यावरील बाल्कनीतून खाली नदी, पलीकडे मखमलाबादच्या बाजूची शेते आणि पावसाळ्यात हिरवेगार डोंगर दिसतात, तेव्हा एजंटाला फारसे बोलावे लागत नाही. तथापि गंगापूर रोड हा नदीच्या दक्षिण तीरावर आहे. त्यामुळे नदीकडे तोंड असलेली घरे बहुतांशी उत्तराभिमुख असतात आणि त्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन म्हणून येत नाही. ज्या शहरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास घुटमळतो, तिथे दिवाणखाना सकाळभर गारठलेला राहणे ही किरकोळ बाब नव्हे. याच्या उलट अडचण पश्चिमेकडील घरांची. तिथे जमिनीपासून छतापर्यंत काच लावलेली असेल, तर एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर एसीशिवाय बसवत नाही आणि पावसाळ्यात वाऱ्याचा झोत त्याच भिंतीवर येतो. अशा घरात खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात बोट फिरवून पाहावे. रंग फुगलेला असेल किंवा नखाने पापुद्रा निघत असेल, तर गेल्या पावसाळ्यात पाणी आत आले होते असे समजावे. मालक ते आपण होऊन सांगणार नाही.

नदीकाठाचा विचार पुराशिवाय पूर्ण होत नाही. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे गोदावरीचे पूर नाशिककर विसरलेले नाहीत. नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागले, यावरून पुराची उंची सांगण्याची इथली रीतच आहे. नकाशांवर दोन पूररेषा असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. बाराव्या मजल्यावरील भाडेकरूच्या घरात पाणी शिरणार नाही हे उघड आहे, पण त्याची गाडी तळघरात उभी असते, विजेचे पॅनेल आणि पाण्याचे पंप खाली असतात, आणि मुख्य रस्त्यापर्यंत जाणारी गल्ली नदीच्या बाजूने उतरत असते. म्हणून पूररेषेच्या जवळच्या इमारतीत जनित्र आणि पंप कोणत्या पातळीवर बसवले आहेत, हे स्वतः खाली उतरून पाहणे आवश्यक आहे. आम्ही पाहिलेल्या एका देखण्या इमारतीत दोन्ही तळघरात होते. शिवाय नदीत पाणवेली साचल्या, की संध्याकाळी बाल्कनीचे दार उघडे ठेवणे डासांमुळे अशक्य होते. ज्या दृश्यासाठी जास्तीचे भाडे मोजायचे, ते वर्षातले काही महिने काचेआडूनच पाहावे लागते.

पाण्याच्या बाबतीत मात्र तिन्ही भागांना एकच कसोटी लावावी. गंगापूर आणि मुकणे धरणांमुळे नाशिक शहराची स्थिती इतर अनेक शहरांपेक्षा बरी आहे. तरीही मोठ्या संकुलात महापालिकेच्या नळाचे पाणी सर्वांना पुरेलच असे नाही, आणि मग बोअरचे पाणी त्यात मिसळले जाते किंवा टँकर येतो. माहितीपत्रकात याचा उल्लेख नसतो. स्नानगृहातील शॉवरची जाळी जवळून पाहिली तर उत्तर मिळते. छिद्रांभोवती पांढरे, खडूसारखे कडे साचलेले असेल आणि काही धारा वाकड्या पडत असतील, तर पाणी जड आहे, आणि ते गिझर, वॉशिंग मशीन व केस या तिघांनाही महागात पडते. टँकरबद्दल मालकापेक्षा फाटकावरील सुरक्षारक्षक अधिक विश्वासार्ह. “काका, इथे टँकर कधीपासून लागतो?” असे सहज विचारल्यावर एका संकुलात आम्हाला “होळी झाली की सुरू होतो, साहेब,” असे सरळ उत्तर मिळाले, आणि त्याच वेळी आमच्याबरोबर आलेला एजंट मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला.

क्लब हाऊस, तरणतलाव, छोटे चित्रपटगृह आणि व्यायामशाळा यांच्यामुळे भाडे वाढते, परंतु भाडेकरूच्या वाट्याला त्यांतले किती येते, याची चौकशी करावी. काही ठिकाणी भाडेकरूला वेगळी नोंदणी करावी लागते, काही ठिकाणी पाहुण्यांसाठी शुल्क असते. नाशिकच्या हवेत उघडा तरणतलाव पावसाळ्यात आणि थंडीत जवळजवळ रिकामाच असतो. फिरायला कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे, खेळायला महात्मा नगरचे मैदान आहे. त्यामुळे या सुविधांसाठी दरमहा पाच-सहा हजार रुपये अधिक द्यावेत असे आम्हाला वाटले नाही. जाता जाता एक गोष्ट: सावरकर नगर आणि सोमेश्वरच्या बाजूला बिबट्या दिसल्याची बातमी अधूनमधून येतच असते. उंचावर राहणाऱ्याला त्याचे भय नाही, पण पहाटे अंधारात नदीकाठी चालायला जाण्याचा बेत असेल, तर ही गोष्ट एजंटाने नाही तरी शेजाऱ्यांनी सांगायला हवी.

उंच इमारतीत आम्ही ज्या गोष्टींवर खरोखर भर देऊ, त्या लिफ्ट, जनित्र आणि अग्निसुरक्षा. एका मजल्यावर किती घरे आणि किती लिफ्ट, वीज गेल्यावर दोन्ही लिफ्ट चालतात की एकच, आणि जनित्राची वीज घरात कोणत्या ठिकाणी मिळते, हे विचारलेच पाहिजे. बहुतेकदा ‘पूर्ण पॉवर बॅकअप’ याचा अर्थ दिवे, पंखे आणि फ्रिज एवढाच असतो. महाराष्ट्रातील २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यावे लागते. व्यवस्थापकाकडे त्याची प्रत मागितली असता जो कपाट उघडून कागद दाखवतो त्याची इमारत, आणि जो “होऊन जाईल” म्हणतो त्याची इमारत, यांतला फरक लगेच कळतो. वाहनतळाचे दुखणे वेगळेच आहे. अनेक नव्या इमारतींत यांत्रिक स्टॅक पार्किंग, म्हणजे पाळण्यांत एकावर एक गाड्या ठेवण्याची सोय असते, त्यात उंच गाडी वरच्या पाळण्यात बसत नाही, आणि मालक स्वतःच्या दोन जागांपैकी सोयीची जागा स्वतःकडे ठेवून भाडेकरूला पाळण्यातली जागा देतो. करारात जागेचा क्रमांक लिहून घ्यावा.

आता महात्मा नगर आणि कॉलेज रोडच्या जुन्या अपार्टमेंटकडे वळू. या घरांचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे खोल्यांचा आकार. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या काळात चटईक्षेत्राचा हिशोब काटेकोर झाला, पण त्याबरोबर नव्या घरांतील शयनगृहे इतकी आखडली, की डबल बेड आणि कपाट ठेवल्यावर फिरायला वाट उरत नाही. जुन्या घरात मात्र स्वयंपाकघरात दोघे जण एकमेकांना न धडकता वावरू शकतात, कोरड्या बाल्कनीत कपडे वाळतात, आणि खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत नसून झाड असते. किराणा, दवाखाना, शाळा, महाविद्यालये सारे चालत जाण्याच्या अंतरावर. आमच्या घरात वृद्ध माणसे असल्यामुळे हा मुद्दा सर्वांत वजनदार ठरला. दोषही तितकेच ठळक आहेत. लिफ्ट लहान आणि जुनी असते, कॉलेज रोडवर क्लास सुटण्याच्या वेळी दुचाकींची अशी गर्दी होते की स्वतःच्या फाटकातून गाडी बाहेर काढता येत नाही, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर गच्ची गळण्याचा धोका कायम. नवे मॉड्युलर किचन आणि छतावरच्या दिव्यांच्या रोषणाईने भुलून न जाता मीटर पाहावे: चार एसी बसवलेल्या घराला सिंगल फेज जोडणी आणि जुनीच वायरिंग असेल, तर मे महिन्यात त्यांतले दोनच चालतील. नळाच्या जुन्या लोखंडी वाहिन्या बदलल्या आहेत का, हे सकाळी पहिल्यांदा नळ सोडल्यावर येणाऱ्या पाण्याच्या रंगावरून समजते. म्हणून घर शक्यतो सकाळी लवकर पाहावे.

पाथर्डी फाट्याच्या पट्ट्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी असेल किंवा दर आठवड्याला मुंबईला जावे लागत असेल, तर हाच भाग घ्यावा. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून त्याची सोय आणखी वाढली आहे. तेवढ्याच भाड्यात घर नवे आणि मोठे मिळते, पांडवलेणीचा डोंगर समोर दिसतो. मात्र महामार्गाचा आवाज रात्रभर थांबत नाही, आणि शहराच्या मध्यभागी काही काम निघाले की अर्धा दिवस गेलाच.

घर ठरल्यानंतरचे कागदोपत्री काम अनेकजण एजंटावर सोडतात, ते योग्य नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी घरबसल्या, बायोमेट्रिक पद्धतीनेही होते. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामत रकमेवरील दहा टक्के गृहीत व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. उदाहरणार्थ, ४५,००० रुपये भाडे, १,५०,००० रुपये परताव्याची अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत धरली, तर शुल्क सुमारे १,३०० रुपये आणि शहरी भागातील नोंदणी फी १,००० रुपये होते. एजंटाने ‘ॲग्रीमेंटचा खर्च’ म्हणून यापेक्षा बरेच अधिक सांगितले, तर हिशोब मागावा. भाडे ५०,००० रुपयांच्या वर गेल्यास दोन टक्के टीडीएस, म्हणजे भाडे देतानाच प्राप्तिकर, कापण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. मालक परदेशात स्थायिक असेल, आणि आलिशान घरांच्या बाबतीत असे मालक वारंवार भेटतात, तर नियम अधिक कडक असून भाडे कितीही असले तरी बऱ्याच चढ्या दराने कर कापावा लागतो. करारापूर्वी सनदी लेखापालाला विचारलेले बरे.

मेंटेनन्स कोणी भरायचा, हाही वादाचा विषय होतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत भाडेकरू ठेवल्याबद्दलचे बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक आकारता येत नाही आणि ते मालकाने द्यायचे असते. परंतु नाशिकमधील पुष्कळ इमारती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील असून तिथे ही मर्यादा गृहीत धरता येत नाही, त्यामुळे इमारत कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे हे आधी विचारावे.

करारातील दोन कलमांवर आम्ही अडून बसलो. पहिले लॉक-इनचे: २०२७ च्या पावसाळ्यात सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत, त्या काळात शहरातील निवासाची मागणी वाढणार, म्हणून निदान तोपर्यंत मालकाला मुदतीपूर्वी घर रिकामे करून मागता येणार नाही असे स्पष्ट लिहून घेतले. दुसरे रंगाचे. यापूर्वीच्या एका घराच्या मालकाने घर सोडताना अनामतीतून रंगकामासाठी एका महिन्याचे भाडे कापून घेतले होते, आणि करारात ‘नेहमीप्रमाणे’ एवढाच शब्द असल्याने आम्हाला काही बोलता आले नाही. या वेळी ताबा घेतानाच प्रत्येक भिंतीचे चित्रीकरण करून ते मालकाला पाठवले, कापावयाची कमाल रक्कम आकड्यात लिहिली, आणि नैसर्गिक झिजेसाठी काहीही कापले जाणार नाही हे वाक्य घातले. महात्मा नगरच्या मालकाने ते वाचून “हे लिहायची काय गरज होती?” असे विचारले खरे, पण सही केली.